देवदूत म्हणू नका, माणसे भरा!

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव अलीकडच्या काही वर्षांत आपल्या बारवेमुळे प्रसिद्धीस आले. गावकऱ्यांनी श्रमदानातून गाळ उपसला आणि चक्राकार पायऱ्यांची ती जुनी विहीर पुन्हा उजेडात आली. आता लांबून लोक येतात, फोटो काढतात, वाहवा करतात आणि निघून जातात. (मराठवाड्यातल्या अशा बारवांच्या पायऱ्या उतरण्याचा अधिकार आपल्या आजा-पणज्यांना होता काय, हा प्रश्न त्या फोटोत येत नाही. पण तो आजचा विषय नव्हे.) याच वालूरला प्राथमिक आरोग्य केंद्रही आहे. ते पाहायला मात्र कोणी येत नाही. वालूर काय किंवा मराठवाड्यातले दुसरे कोणतेही केंद्र काय, तिथे रात्रपाळीला बसलेल्या सिस्टरची आठवण समाजाला दोनदाच होते. एकदा १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी. आणि दुसऱ्यांदा एखादे बाळंतपण बिघडले म्हणजे. पहिल्या वेळी तिला गुलाबाचे फूल मिळते, दुसऱ्या वेळी शिव्या.

या दोन दिवसांच्या मधले तीनशे त्रेसष्ट दिवस ती कशी काढते, ती थकून का जाते आणि संधी मिळताच नोकरी सोडून का निघून जाते, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने स्वतःचा मानला पाहिजे. कारण ही सिस्टर फार वेळा आपल्याच वस्तीतून गेलेली असते.

आधी साधा हिशेब मांडू. आरोग्य केंद्र चोवीस तास उघडे ठेवायचे तर दिवसाच्या तीन पाळ्या होतात, आठवड्याच्या एकवीस. केंद्रात तीन स्टाफ नर्स धरू. केंद्र सरकारच्या २०१२ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनी कमी बाळंतपणे होणाऱ्या केंद्रासाठी किमान तेवढ्याच धरल्या होत्या. प्रत्येकीला आठवड्याची एक सुट्टी दिली तर तिघींच्या मिळून अठरा पाळ्या भरतात. उरलेल्या तीन पाळ्या कोणाच्या? उत्तर सोपे आहे. त्या तिघींच्याच. आता तिघींपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर गेली, किंवा तिची बदली झाली आणि जागी कोणी आलेच नाही, तर एकवीस पाळ्यांना दोन बायका उरतात. नियमाने त्या बारा पाळ्या करू शकतात. बाकीच्या नऊ पाळ्यांत रुग्ण येतच नाहीत असे गृहीत धरायचे काय? कागदावर मात्र केंद्र ‘चोवीस तास सेवेत’ असते. नुसती आठवड्याची सुट्टी पाळायची तरी साडेतीन परिचारिका लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार रजेसाठी ३० टक्के जादा पदे राखावी लागतात, ती धरली तर साडेचारच्या वर, म्हणजे पाच. तिघींत पाच जणींचे काम करून घ्यायचे आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू का नाही म्हणून विचारायचे, हा आपल्या आरोग्य व्यवस्थेचा न्याय आहे!

मोठ्या दवाखान्यांची कथा वेगळी नाही. त्याच परिषदेचा निकष सांगतो की शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. जिल्हा रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ज्याने आपल्या माणसाच्या उशाशी रात्र काढली आहे, त्याला तीस-चाळीस खाटांमागे धावणारी एकटी सिस्टर आठवेल. महाराष्ट्राच्या आरोग्य व्यवस्थेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात ठेवला गेला. परिचारिकांच्या मंजूर पदांपैकी सुमारे ३५ टक्के पदे रिकामी असल्याचे त्यात नोंदले आहे. मंजूर पदेच मुळात कमी, आणि त्यातलीही तीनांतली एक रिकामी.

या थकव्याला शास्त्रात नाव आहे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. पुढे क्रिस्टिना मास्लाक या संशोधिकेने त्याची मोजपट्टी तयार केली. तिच्या मते यात तीन गोष्टी होतात. माणूस आतून रिता होतो. समोरचा रुग्ण त्याला माणूस न दिसता ‘सात नंबरची खाट’ दिसू लागतो. आणि आपण करतो त्याचा काही उपयोग नाही असे त्याला वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगसूचीत याची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. दोष बाईच्या मनात नाही, कामाच्या मांडणीत आहे, असा याचा सरळ अर्थ. तरी आपल्याकडे उपाय म्हणून काय होते? ताणतणाव व्यवस्थापनाचे शिबिर! दोन पाळ्या करून आलेल्या सिस्टरला सुट्टीच्या दिवशी बोलावून प्राणायाम शिकवतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी, परिचारिकेच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी आणि नोकरीविषयीच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. तिथे एका रुग्णाची बेरीज-वजाबाकी होते. आपल्याकडे तीस रुग्णांचा विषय आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा करून किती रुग्णांमागे किती परिचारिका हे बांधून दिले आणि २००४ पासून ते लागू केले. आपल्याकडे निकष आहे, पण तो मोडला म्हणून कोणाची खुर्ची गेल्याचे ऐकिवात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. परिचारिकेची बाजू मांडू लागले की एक शब्द आडवा येतो: ‘सेवा’. “हे सेवेचे क्षेत्र आहे, इथे पगाराचा विचार करू नये.” “सिस्टर म्हणजे देवदूत, ममतेची मूर्ती.” कोरोनाच्या काळात २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, ३ मे २०२० ला हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. त्याच काळात तीन-तीन महिन्यांच्या नेमणुकीवर घेतलेल्या मुलींना साथ ओसरताच घरी पाठवले गेले. फुले मोफत असतात, पद भरायला पैसे लागतात, हे त्यामागचे अर्थशास्त्र!

‘सेवा’ या शब्दाकडे आंबेडकरी माणसाने सावधपणे पाहिले पाहिजे. मनुस्मृतीने शूद्राला एकच कर्म नेमून दिले, ते वरच्या तीन वर्णांची सेवा, आणि तीही कुरकुर न करता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी त्या ग्रंथाचे दहन केले. पुढे १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या अर्थाच्या इंग्रजी ग्रंथात, भंगीकामाला पवित्र आणि थोर म्हणून भंग्याला त्याच कामात समाधानी ठेवण्याच्या उपदेशावर त्यांनी घणाघात केला. कामाला थोरवी चिकटवायची आणि करणाऱ्याला हक्क नाकारायचा, ही युक्ती या देशात जुनी आहे. परिचारिकेला देवदूत म्हणणाऱ्यांच्या मनात प्रत्येक वेळी कपट असते असे नाही. परंतु देवदूताला घरभाडे नसते, देवदूत पाळी बदलून मागत नाही, देवदूताची पेन्शन निघत नाही. माणसाचे हे सगळे असते.

यावर कोणी म्हणेल, सावित्रीमाई फुल्यांनी केली ती सेवा नव्हती काय? होती. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात गेल्या, आणि १० मार्चला त्याच प्लेगने त्यांचा जीव घेतला. परंतु ज्यांना शिवायला समाज तयार नव्हता त्यांना त्यांनी स्वतःच्या निर्णयाने शिवले. ते बंड होते. बंड कोणी कोणावर ड्युटी म्हणून लादू शकत नाही.

मराठवाड्यात तर या कामाचा आणि जातीचा संबंध अगदी जवळचा आहे. गावोगाव बाळंतपण करणारी सुईण बहुधा मांगवाड्यातली नाहीतर महारवाड्यातली. बाळाची नाळ कापायला तिचा हात चालायचा. पाचवी-बारावी उरकून घर ‘शुद्ध’ झाले की तोच हात उंबऱ्याबाहेर. मोबदला म्हणजे पायलीभर धान्य, नाहीतर जुने लुगडे. रक्त, मळ, वार यांना हात लावणे अपवित्र, म्हणून उच्चवर्णीय हिंदू कुटुंबे आपल्या मुलींना परिचारिका होऊ देत नसत, आणि हे क्षेत्र दीर्घकाळ ख्रिस्ती भगिनींनी सांभाळले. धम्मदीक्षेनंतरच्या पिढीत आपल्या मुलींनी या दारातून आत पाऊल टाकले, तेव्हा आजीचेच काम नात करू लागली. पण एक फरक पडला आणि तो फार मोठा होता. आजीला पायलीभर धान्य मिळायचे, नातीला नियुक्तीपत्र मिळाले. आजीला ‘ए मांगिणी’ म्हणत, नातीला ‘सिस्टर’ म्हणू लागले. त्या नियुक्तीपत्राच्या मागे वेतनश्रेणी होती, प्रसूती रजा होती, सेवाज्येष्ठता होती, निवृत्तिवेतन होते आणि आरक्षणाचे बिंदू होते. आपल्या किती वस्त्यांतले पहिले पक्के घर, पहिला इंजिनिअर मुलगा एका नर्सबाईच्या पगारावर उभा आहे, हे वाचकांनी आपल्याच नात्यागोत्यात मोजून पाहावे.

ते नियुक्तीपत्रच आता काढून घेतले जात आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याने गावोगाव परिचारिका आणि आरोग्य सेविका दिल्या हे नाकारता येत नाही, पण दिल्या त्या कंत्राटावर. अकरा महिने झाले की नवा करार. एकाच टेबलावर बसणाऱ्या, एकच इंजेक्शन देणाऱ्या दोन सिस्टरपैकी एकीला वेतन आयोग आणि दुसरीला ‘मानधन’. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकार विरुद्ध जगजितसिंग या खटल्यात २०१६ साली सांगितले. वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम हंगामी म्हणून करून घेण्याच्या सरकारी सवयीवर त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो या सफाई कामगार भगिनीच्या खटल्यात कोरडे ओढले. आपल्या राज्यात मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की अभियानात दहा वर्षे काढलेल्यांना ३० टक्के जागांवर सामावून घ्यायचे. तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना पुन्हा संपावर जावे लागले. आदेश सरकारचा आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी संप कर्मचाऱ्यांचा!

खासगी एजन्सीमार्फत भरतीचा घाट तर त्याहून घातक. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी त्याविरुद्ध संप केला. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत सरकारी पदे भरण्याचा शासन निर्णय आला आणि गदारोळ झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. जुलै २०२५ मध्ये कंत्राटी भरतीच्या विरोधात परिचारिका पुन्हा रस्त्यावर आल्या. इथे आपल्या लोकांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. अभियानाच्या जाहिरातीत प्रवर्गाचे रकाने असतात, त्यामुळे आरक्षण शाबूत आहे असे वाटते. पण अकरा महिन्यांच्या करारात पदोन्नतीचे आरक्षण कोठून येणार? सेवाज्येष्ठताच नाही तिथे बिंदुनामावली कशाची? आणि एजन्सी मधे आली की रकानाही गेला. आरक्षण रद्द करा असे कोणी म्हणत नाही. ज्या नोकरीला आरक्षण चिकटते ती नोकरीच विरघळवली जाते.

कंत्राटाचे खरे रूप संकटात दिसते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. चौकशीनंतर कायम असलेल्यांचे निलंबन झाले, कोणाची बदली झाली. कंत्राटी परिचारिकांची थेट सेवा समाप्त. पुढे दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या कोरोना अतिदक्षता विभागात आग लागून अकरा रुग्ण दगावले. अटक झाली एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी, यात वाद नाही. पण वायरिंग सिस्टरने केली होती काय? अग्निशमन यंत्रणेचा निधी सिस्टरने अडवला होता काय? चौकशीची वाट वरून खाली येते आणि जो सर्वांत खाली उभा असतो त्याच्यापाशी थांबते. हे सर्व पाहणारी विशीतली मुलगी या नोकरीत का टिकावी?

आणि ती टिकत नाहीच. गाव सोडून पुणे-मुंबईला जाते, जमले तर आखातात. आता तर सरकारच तिला वाट दाखवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आमच्या मुली जर्मनीला जाव्यात, युरोत पगार घ्यावा, यात आनंदच आहे. बाबासाहेब परदेशी शिकले म्हणून आपण इथवर आलो. परंतु इकडे तिसरा हिस्सा पदे रिकामी ठेवून तिकडची पदे भरायला निघालेल्या सरकारला मराठवाड्यातल्या बाळंतिणीने काय समजावे?

खासगी रुग्णालयांत तर बोलायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितले की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांहून कमी देऊ नये, आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके द्यावे. केरळातल्या परिचारिका संघटित होऊन लढल्या, तेव्हा २०१८ साली तिथे किमान वेतनाची अधिसूचना निघाली. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी दवाखान्यात काम करणारी मुलगी वस्तीत असेलच. तिला महिन्याचा आकडा विचारा.

पगाराइतकेच टोचणारे आणखी एक आहे, त्यावर अहवालात ओळ नसते. सिस्टरने मुख्यालयी राहावे असा नियम आहे आणि ती राहत नाही अशी गावाची तक्रार. पण राहणार कुठे? निवासस्थाने गळकी, काहींना दारे नाहीत. मग गावात खोली भाड्याने मागायला जावे तर पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून कळले नाही तर “तुमचं मूळ गाव कोणतं, देव कोणता?” खोली मग “पाहुणे येणार आहेत” म्हणून अडते. ज्या घरातले बाळ तिने रात्री दोनला जन्माला घातले, त्या घराच्या माडीवर तिला सकाळी जागा नसते. रोज एसटीने ये-जा करणाऱ्या सिस्टरला कामचुकार म्हणण्याआधी गावाने हा भाग स्वतःशी कबूल करावा. आरोग्य सेविकेचे त्याहून अवघड. पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र; त्यातही मराठवाड्यातल्या कितीतरी बाया दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. पोराचा डोस चुकतो तो फडावर, लाल शेरा पडतो तो सेविकेच्या रजिस्टरात. तेच रजिस्टर पुन्हा मोबाइलवर भरायचे. रेंज नसली तर रात्री घरी बसून.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा गरोदर कामगार स्त्रीच्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा अशी त्यांची भूमिका होती. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले, त्याचा १९४६ साली कायदा झाला. १९३८ साली संपावर बंधने घालणाऱ्या विधेयकाला विरोध करताना संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असे त्यांनी ठणकावले. आज संपावर गेलेल्या परिचारिकेला मेस्माचा धाक दाखवला जातो, आणि आपल्यातलेच काहीजण “रुग्णांचे हाल होतात हो” म्हणून मान हलवतात. रुग्णांचे हाल एकवीस पाळ्यांना दोन बायका ठेवल्या त्या दिवशीच सुरू झालेले असतात.

चळवळीनेही थोडे आरशात पाहावे. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपण आरोग्य शिबिरे घेतो. वस्तीतली नर्स ताई रात्रपाळी करून येते, दिवसभर रक्तदाब तपासते, गोळ्या वाटते. मंचावर मात्र ती नसते. तिथे पुढारी असतात. तिला एकदा माईक द्यावा आणि तिच्या पाळीचा तक्ता वाचायला सांगावा.

आणि एक काम वालूरपासून कोणत्याही गावात उद्याच करता येईल. तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. आपल्या केंद्रात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतली कंत्राटी किती? राहण्यायोग्य निवासस्थाने किती? मागच्या तीन महिन्यांचा ड्युटी तक्ता आणि त्या काळात नाकारलेल्या रजांची संख्या. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते, आणि ते ग्रामसभेत मोठ्याने वाचता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही.